मनगटाचं निमित्त

"मनगट दुखतं," असं ती म्हणाली तेव्हा तिच्या तोंडात बिस्किट होतं आणि मनात काहीच नव्हतं.

नवऱ्याने विचारलं होतं, "हे काय चाललंय?" प्रश्न रास्तच होता. रविवारची सकाळ. मुलीने सांडलेलं दूध टेबलावरून ओघळतंय आणि बायको चमच्याच्या दांड्याने कीबोर्डची एकेक कळ उपटून वाटीत टाकतेय, असं दृश्य दिसल्यावर कुठलाही नवरा एवढं विचारणारच. खरं उत्तर लांबलचक होतं, शिवाय लाजिरवाणं होतं. मनगटाचं उत्तर दोन शब्दांत उरकत होतं. तिने सोय बघितली. माणूस खोटं बोलतो तेव्हा फार मोठं पाप करायला निघालेला असतो असं नाही; बऱ्याचदा त्याला फक्त दूध पुसायचं असतं.

खरं उत्तर असं होतं. सव्वा वर्षाच्या बाळंतपणाच्या रजेनंतर ती ऑफिसात परतली, तर तिच्या शेजारच्या टेबलावर एक नवीन मुलगी बसलेली. मिनिटाला शंभर शब्द टाइप करते म्हणून ऑफिसभर तिचं नाव शंभरवाली. स्वभावाने गोड, हेच तिचं सगळ्यात त्रासदायक लक्षण. पहिल्याच दिवशी ती हिच्या हातांकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही अजून जुन्याच मांडणीवर? म्हणजे वाईट काही नाही हं. माझी आईपण जुन्याच मांडणीवर आहे."

त्या 'पण'ने घात केला.

मग शंभरवालीने समजावून सांगितलं. नेहमीच्या कीबोर्डवर अक्षरं टाइपरायटरच्या काळात बसवली तशीच बसलेली आहेत, कुणी उठवायला गेलं नाही. नव्या मांडणीत जी अक्षरं सारखी लागतात ती मधल्या ओळीत, बोटांच्या बरोब्बर खाली येतात. बोटांना पळापळ नाही. प्रोग्राम लिहिताना कंस आणि चिन्हं शंभर वेळा लागतात, तीही हाताशी. "दोन आठवड्यांत सवय होते," ती म्हणाली. दोन आठवड्यांत सवय होते असं सांगणाऱ्या कुणाच्याही घरी सव्वा वर्षाचं मूल नसतं, हे आता तिला कळलंय. तेव्हा कळलं नव्हतं.

त्यात मॅनेजरने बॉम्ब टाकला होता. दवाखान्यांतल्या पेशंटच्या वेळा ठरवणारा जो प्रोग्राम तिने रजेवर जायच्या आधी लिहायला घेतला होता, तो या रविवारपासून बारा दिवसांनी, शुक्रवारी, ग्राहकाला दाखवायचा होता. "तूच दाखव," मॅनेजर म्हणाले. "तुझंच काम आहे. जमेल ना? नाहीतर शंभरवाली आहेच."

जमेल, असं ती म्हणाली. पण घरी जाताना बसमध्ये तिच्या कानात फक्त ते 'नाहीतर' वाजत होतं. वर्षभर तिने दुपटी बदलली होती, ताप मोजला होता, मुलीचा श्वास चालू आहे ना हे तासातासाला बघितलं होतं. त्या वर्षाने तिला मागे टाकलं नाही हे तिला शुक्रवारी सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. आणि ते नव्या मांडणीत दाखवायचं होतं. का? ते विचारू नका. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

तर, "मनगट दुखतं."

सासूबाई पेपर वाचत होत्या. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि उठून सुनेच्या मांडीवरून भिंगरीला सरळ उचलून घेतलं. भिंगरी म्हणजे नात. एका जागी बसत नाही म्हणून. "दे इकडे. मनगट म्हणजे साधी गोष्ट नाही," त्या म्हणाल्या. "आजपासून हिला तू उचलायचं नाहीस."

"अहो आई, एवढं काही नाही. तुमच्या पाठीला..."

"माझी पाठ मी बघते."

झालं. नवऱ्याने भांडी घासायला घेतली. दारापर्यंत ओघळलेलं दूध पुसताना त्याने समोरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना सहज सांगितलं, आणि सहज सांगितलेली गोष्ट जिना जेवढ्या वेगाने चढते तेवढ्या वेगाने लिफ्टही चढत नाही. शिवाय त्यांची लिफ्ट बंदच होती. पाच मिनिटांत फिजिओथेरपिस्ट बाई मनगटाचा पट्टा घेऊन हजर. मागोमाग वरच्या मजल्यावरचे मीटरवाले काका. विजेच्या मीटरांची तपासणी करण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे बिघाड जिथे दिसतो तिथे नसतोच, यावर त्यांची श्रद्धा होती.

"मनगटात काही नाही," काका म्हणाले. "लाइन मानेतून येते. मान तपासा."

"काका, मान तिची ठीक आहे," फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. "पट्टा बांध गं. कोणतं?"

ती गोंधळली. या प्रश्नाची तयारीच नव्हती.

"उजवं," ती म्हणाली.

पट्टा बांधून झाल्यावर तिने वाटीतल्या कळा नव्या मांडणीप्रमाणे कीबोर्डवर बसवायला घेतल्या, तर एक कळ कमी भरली. 'के'ची कळ कुठेच नव्हती. आणि भिंगरी एका कोपऱ्यात, एका जागी, शांत बसून काहीतरी चघळत होती.

आई होण्याआधी तिला वाटायचं की काळजात धस्स होणं हा बोलण्यातला प्रकार आहे. तसं नाही. आवाज येतो. तिने भिंगरीच्या तोंडात बोट घातलं. तिथे बिस्किट निघालं, पण ते 'के' गिळून वर खाल्लेलं बिस्किट नसेल कशावरून? दहाव्या मिनिटाला सगळं घर मुलांच्या डॉक्टरांच्या बाकावर होतं. सासूबाईंच्या कडेवर भिंगरी. नवरा लंगडत चाललेला. तीन जिने उतरताना पाय मुरगळला असेल असं तिला वाटलं, पण त्या क्षणी त्याच्या पायाला कोण विचारतंय.

"गिळताना कुणी पाहिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग काय पाहिलं?"

"एक कळ कमी आहे, डॉक्टर. कीबोर्डची."

"कीबोर्ड हिने उघडला?"

"मी उघडला."

"का?"

दवाखान्यात सगळे तिच्याकडे बघायला लागले. बाकावरच्या, सर्दी झालेल्या एका मुलानेसुद्धा शिंक थांबवली. "मनगट दुखतं," ती बारीक आवाजात म्हणाली आणि पट्टा दाखवला. डॉक्टरांनी पट्ट्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ज्या सुरात ते बाळांना 'आ कर' म्हणतात त्याच सुरात म्हणाले, "बसा."

तेवढ्यात नवरा म्हणाला, "एक मिनिट. माझ्या चपलेत खडा आहे वाटतं." त्याने चप्पल झटकली. 'के' टुणकन उडून डॉक्टरांच्या टेबलाखाली गेला.

घरापासून तिथपर्यंत तो माणूस 'के'वर चालत आला होता. परतताना तो दोन्ही पायांनी नीट चालत होता आणि तिच्याशी बोलत नव्हता.

सोमवारी ऑफिसात तिने पट्टा काढून पर्समध्ये टाकला. लॅपटॉपवर नवी मांडणी आदल्या संध्याकाळीच बसवून ठेवली होती. लॅपटॉप उघडला. पासवर्ड विचारला. तिने टाइप केला. चूक. पुन्हा केला. चूक. मग ती थांबली आणि बोटं आवरून नुसतं डोक्याने पासवर्ड आठवायचा प्रयत्न केला. तर तिच्या लक्षात आलं की तिला पासवर्ड माहीतच नाही. तो तिच्या बोटांना माहीत होता. डाव्या हाताची दोन, उजव्याची तीन, मग वरच्या ओळीत एक उडी, असा काहीतरी तो नाच होता, आणि नाचाची जमीनच तिने बदलली होती. पाचव्या प्रयत्नानंतर खातं बंद झालं.

खातं बंद झाल्याची तक्रार ऑनलाइन करायची असते. ती करायला लॉगिन करावं लागतं. हे तिने तळमजल्यावरच्या हेल्पडेस्कच्या गृहस्थांना सांगितलं. ते थंडपणे म्हणाले, "बरोबर आहे. प्रोसीजर तशीच आहे." मग त्यांनी कागदी फॉर्म काढला.

"कारण सांगा. पासवर्ड विसरला, हरवला की चोरीला गेला?"

"यातलं काहीच नाही. आहे तो."

"मग सांगा."

"मला नाही येत. बोटांना येतो."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, बोटांसाठी रकाना नाही."

मागे रांग लागली होती. लोक ऐकत होते. घड्याळात अकरा वाजले होते आणि तिने अजून एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तिने पुन्हा सोय बघितली. "मनगट दुखतं हो," ती म्हणाली, "त्यामुळे चुकीची बटणं दाबली गेली." गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. "असं सांगा ना! वैद्यकीय. त्याला रकाना आहे."

वैद्यकीय रकाना भरला की कागद आपोआप एचआरकडे जातो, हे तिला दुपारी कळलं. एचआरच्या बाई स्वतः चालत तिच्या टेबलापाशी आल्या. इतक्या हळुवार आवाजात तिच्याशी ऑफिसात कुणी कधीच बोललं नव्हतं. "मनगटाचं ऐकलं. बाळ लहान, त्यात हे. तू मुळीच ताण घेऊ नकोस. मी मॅनेजरांशी बोलले. पुढच्या शुक्रवारचं प्रेझेंटेशन शंभरवाली करेल."

शेजारच्या टेबलावरून शंभरवाली काळजीने बघत होती. खरोखरीच्या काळजीने. तेच तर असह्य होतं.

"नको नको!" ती जवळजवळ ओरडली. "मनगट उत्तम आहे!" आणि पुरावा म्हणून तिने पाण्याचा भरलेला जग उचलून हवेत धरला. तो तिथेच, तसाच, बराच वेळ धरून ठेवावा लागला, कारण एचआरच्या बाई विचार करत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बघ बाई. तुझ्यावर आहे. पण त्या दिवशी घरूनच कर, खुर्ची तरी सवयीची असेल."

अशा रीतीने तिचं मनगट दोन घरांत नांदू लागलं. ऑफिसात ते ठणठणीत असायला हवं होतं, नाहीतर शुक्रवार हातचा जाणार. घरी ते दुखायला हवं होतं, नाहीतर भांडी घासणाऱ्या नवऱ्याला आणि तीन जिने भिंगरीला कडेवर घेऊन खाली बागेत नेणाऱ्या सासूबाईंना काय सांगणार? ती फाटकापाशी पट्टा बांधायची आणि बसस्टॉपवर सोडायची. घाईत कधी हा हात, कधी तो. एकदा मीटरवाले काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, "आज डावीकडे उतरलं वाटतं? मी म्हटलं नव्हतं, लाइन मानेतून येते!" तिने मान डोलावली. निदान मान तरी खरी डोलावली.

आणि नवी मांडणी? ती काही येईना. पहिल्या आठवड्यात मिनिटाला नऊ शब्द. दुसऱ्या आठवड्यात अकरा. मॅनेजरना 'लवकरच पाठवते' असं लिहायला गेली तर असं काही उमटलं की त्यांनी उत्तरात विचारलं, "भिंगरीने पाठवलं का?" ती 'हो' म्हणाली. आता पोरीच्या नावावरही खोटं जमा झालं.

सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीतून मलमाचा वास यायला लागला. कमरेला लावायचं, कडक वासाचं मलम. त्या दार ओढून घ्यायच्या, पण वासाला कुठे दार असतं. ती बाहेर उभी राहून ठरवायची, आत्ता आत जायचं आणि सांगून टाकायचं. मग आतून भिंगरीच्या हसण्याचा आवाज यायचा, सासूबाई तिला पेपरातल्या जाहिराती वाचून दाखवत असायच्या, आणि ही परत फिरायची. शुक्रवार होऊ दे, मग सांगू. तोवर त्या बाईची कमर हिच्या 'शंभर'पायी वाकत होती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

गुरुवारी तिने शरणागती पत्करली. लॅपटॉपवर जुनी मांडणी परत लावली. आणि बसून टाइप करून बघितलं, तर जुनंही येईना! बोटं जुन्या घरातून निघाली होती आणि नव्यात पोचली नव्हती. मधल्या रस्त्यात कुठेतरी सामान घेऊन उभी होती.

शुक्रवारी सकाळी, घरातल्या टेबलाशी, समोर पडद्यावर चौदा चेहरे. पहिली वीस मिनिटं उत्तम गेली. तिथे फक्त बोलायचं होतं आणि माउसने दाखवायचं होतं. मॅनेजर मान डोलावत होते. मग ग्राहकाकडच्या मुख्य डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे. फक्त लहान मुलांच्या पेशंटना दोन मिनिटं जास्त मिळायला हवीत. हे आत्ता, आमच्यासमोर बदलून दाखवता येईल?"

बदल चार ओळींचा होता. रजेवर जायच्या आधी तिने तो बोलता बोलता केला असता. तिने लॅपटॉपला जोडलेल्या घरच्या कीबोर्डवर बोटं ठेवली. पडद्यावर, चौदा जणांसमोर, एक ओळ उमटली आणि पुसली गेली. पुन्हा उमटली. पुन्हा पुसली गेली. मग नुसता 'के' आला. मग अजून एक 'के'. कुणी खाकरलं. शंभरवालीचा हळू आवाज आला, "मी मदत करू का, ताई?" तिचे कान इतके तापले की हेडफोन काढून ठेवावा लागला.

त्याच वेळी सासूबाई भिंगरीला घेऊन दारातून आत डोकावल्या. आईचा आवाज थांबला म्हणून भिंगरी रडायच्या बेतात होती. त्यांनी पडद्याकडे बघितलं, सुनेच्या हातांकडे बघितलं. मग नातीला तिच्या मांडीवर ठेवलं, उलट्यापालट्या कळांचा तो कीबोर्ड बाजूला सारला आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"हा मूळचाच आहे ना?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"हो, पण आई..."

"मग तू बोल. मी मारते."

तिला एकदम आठवलं. सासूबाई एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. हे तिला लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं, जसं आपल्याला माहीत असतं की घरात कुठेतरी शिडी आहे.

ती बोलत गेली. एकेक अक्षर, एकेक चिन्ह. "महिरपी कंस उघडा. आता पुढच्या ओळीवर. साधा कंस. बंद. अर्धविराम."

"लागला. पुढे?"

"बरोबरचं चिन्ह दोनदा."

"दोनदा कशाला? एकदा पटत नाही का त्याला?"

"आई, मारा ना."

त्या खाली बघत नव्हत्या. ताठ बसून, समोर बघून, बोटं मात्र पावसासारखी. चार ओळी उमटल्या, एकही चूक नाही. तिने बटण दाबलं. लहान मुलांच्या नावापुढची वेळ दोन मिनिटांनी वाढली. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिने हेडफोन काढला होता, माइक बंद केला नव्हता. चौदा जणांनी महिरपी कंसापासून सगळं ऐकलं होतं. तिने घाईघाईने हेडफोन परत कानाला लावला.

"मनगट दुखत असूनही तिने मागे हटायचं नाव घेतलं नाही," मॅनेजर ग्राहकाला भरल्या आवाजात सांगत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळजी घ्या हं. आणि काम तुम्हीच पुढे चालवा." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पडद्याच्या कोपऱ्यात शंभरवालीचा निरोप चमकला: 'ताई, टाइप कोण करत होतं? मला शिकवतील का?'

तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटत होतं.

लॅपटॉप बंद करून ती वळली. "आई, मला एक सांगायचंय. माझं मनगट..."

"दुखत नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, एकतीस वर्षं मी टाइप केलं. दुखणारं मनगट मला लांबून ओळखू येतं. त्यात सोमवारी तुझं उजवं दुखत होतं, बुधवारी डावं."

"मग बोलला का नाहीत? तुमची कमर... मला मलमाचा वास येत होता. मी रोज..." 

सासूबाईंनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. "बोलले असते तर तू हिला परत घेतलं असतंस," त्या म्हणाल्या. "आधी कधी देत होतीस? 'आई, तुमची पाठ.' 'आई, तुमचे गुडघे.' 'आई, राहू दे, मी घेते.' सव्वा वर्षात मी तिला उचलून दारापर्यंतसुद्धा गेले नव्हते. तुझ्या मनगटाने मला बाग दाखवली."

भिंगरी बाजूला सारलेल्या कीबोर्डची 'के'ची कळ उपटायच्या खटपटीत होती. तिने ती हळूच सोडवून घेतली आणि मुठीत धरून ठेवली. मनगटाचं खोटं बारा दिवसांचं होतं. पाठीचं सव्वा वर्षाचं होतं. सासूबाईंच्या पाठीची काळजी तिला तेव्हा कधीच नव्हती. त्यांच्या हातांवर तिचा भरवसा नव्हता, एवढंच. ते हात आत्ता, एकही चूक न करता, चार ओळी मारून मोकळे झाले होते.

माफी मागावी असं तिला वाटलं, पण घशाशी आलेले सगळे शब्द फार मोठे होते आणि सासूबाई चष्म्याच्या पलीकडून अशा बघत होत्या की मोठे शब्द बाहेर पडले असते तर त्याच ओशाळल्या असत्या.

भिंगरीने दोन्ही हात वर केले. तिला उचलून हवं होतं. बागेची वेळ झाली होती. सवयीने तिचे हात पुढे गेले, अर्ध्यावर थांबले, आणि मागे आले.

"आई," ती म्हणाली, "तुम्हीच घेता का? माझं मनगट जरा दुखतंय."

सासूबाईंनी नातीला कडेवर घेतलं. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "आज कोणतं?"

"तुम्ही म्हणाल ते," ती म्हणाली.